ईश्वराचा ‘करार’ : ख्रिस्ती श्रद्धेतील एका संकल्पनेचा विचार

गेल्या वर्षावासात नेरूळ येथील अभ्यासवर्गात पालीतील ‘पटिञ्ञा’ या शब्दाचे विवेचन चालू असता एका उपासिकाताईंनी आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचे माहेर पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. माहेरच्या भाऊबंदांपैकी एका घराण्याने काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ताईंच्या आजोबांनी मात्र १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली. एकाच वाड्यातून निघालेली ही दोन घरे आज नवी मुंबईत शेजारच्या वसाहतींत राहतात. चुलतभावाच्या दोन महिन्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा होणार होता आणि ‘आमचे बाळ आता देवाच्या करारात येणार’ अशा शब्दांत भावाने निमंत्रण दिले होते. ताईंनी विचारले, “सर, दोन महिन्यांचे मूल कोणता करार करणार? त्याला ना बोलता येते, ना सही करता येते. आणि अशा ठिकाणी मी जावे की नाही?”

वर्गात थोडा हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत नाजूक संकल्पनेवरच ताईंनी नेमके बोट ठेवले होते. त्या दिवशी आम्ही थोडक्यात उत्तर दिले. ते विस्ताराने लिहावे म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

आपल्या मंडळींत या विषयावर एक झटपट मत ऐकू येते. ‘देवाशी करार म्हणजे सौदाच की! तू मला भज, मी तुला स्वर्ग देतो.’ हे मत चुकीचे आहे असे आम्हांस वाटते, आणि त्या चुकीला मराठी शब्दही काही अंशी कारण आहे. ‘करार’ हा अरबी मूळचा शब्द फारसीवाटे आपल्या दरबारी व महसुली भाषेत आला. करार म्हटले की दोन पक्ष, अटी, साक्षीदार, मुदत आणि मोडल्यास कचेरी, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मराठी बायबलच्या दोन भागांना ‘जुना करार’ व ‘नवा करार’ ही नावे रूढ झाली, तेव्हा तो व्यवहारी अर्थही त्यांच्यासोबत आला. (फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेल्या व १६१६ साली छापून प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त या दोन भागांस अनुसरून ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशी विभागणी केली होती. तो शब्द टिकला असता तर आपले गैरसमज निराळ्या प्रकारचे झाले असते.)

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. करार ‘करणे’ या अर्थी हिब्रूत जे क्रियापद येते त्याचा शब्दशः अर्थ ‘कापणे’ असा आहे. इ.स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुदी पंडितांनी हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर आरंभले, तेव्हा त्यांच्यापुढे ‘बरीथ’साठी दोन शब्द होते. समान पक्षांतील तहाला ग्रीकमध्ये ‘सिन्थेके’ म्हणत. तो त्यांनी टाळला आणि ‘दियाथेके’ हा शब्द घेतला. एका व्यक्तीने आपल्या अधिकारात केलेली व्यवस्था, विशेषतः मृत्युपत्र, असा त्याचा अर्थ होतो. त्यावरून लॅटिन ‘टेस्टामेंटुम’ आणि त्यावरून आजचा ‘टेस्टामेंट’. शब्दाच्या या निवडीतच सिद्धान्त दडलेला आहे: या करारातील दोन पक्ष समान नाहीत, देणारा एक आहे आणि घेणारा दुसरा.

आपल्या मुलखात याच्या अधिक जवळचा शब्द होता, तो म्हणजे ‘कौल’. ओसाड पडलेल्या गावी कुळांनी परत येऊन वस्ती करावी म्हणून सरकार त्यांस कौल देई. अमुक वर्षे सारा कमी, तुम्हांस उपद्रव होणार नाही, असे ते अभय असे. कुळ त्यात घासाघीस करीत नसे. शब्द वरून येई आणि त्या शब्दाच्या भरवशावर कुळ नांगर धरी. मात्र ‘कौल’ म्हटले की कोकणात देवाला लावायचा कौल आठवतो. म्हणून भाषांतरासाठी तो शब्द अडचणीचाच ठरला असता. अर्थ समजून घेण्यापुरता मात्र वाचकांनी तो मनाशी धरावा.

प्राचीन पश्चिम आशियात सम्राट आणि मांडलिक राजे यांच्यात असे तह होत. सम्राटाचा परिचय, त्याने मांडलिकावर पूर्वी केलेले उपकार, मग अटी, मग साक्षी देवतांची यादी आणि शेवटी शाप व आशीर्वाद, असा हित्ती साम्राज्यातील तहांचा साचा असे. भारतीय वाचकांस त्यांतील एक तह ठाऊक असतो. आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या, इ.स. पूर्व चौदाव्या शतकातील हित्ती-मितन्नी तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांची नावे साक्षी म्हणून येतात. वैदिक देवतांचा हा अतिप्राचीन लेखी उल्लेख म्हणून आम्ही तो विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो. येथे मात्र त्याचा उपयोग वेगळा आहे. त्या तहांत देव साक्षीदार असतात आणि पक्ष असतात राजे. इस्राएल लोकांच्या ग्रंथात साचा पुष्कळसा तोच राहिला, परंतु साक्षीदाराच्या जागेवरून उठून देव स्वतःच पक्षकार झाला. धर्मेतिहासातील हे एक मोठे स्थित्यंतर आहे.

‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातील कथा पाहा. अब्राहाम वृद्ध आणि निपुत्रिक आहे. देव त्याला संतती व भूमी यांचे वचन देतो. अब्राहाम कालवड, शेळी व मेंढा कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. अशा भागांमधून चालत जायचे, म्हणजे ‘वचन मोडले तर माझी गत या जनावरांसारखी होवो’ असे म्हणायचे, अशी ती रीत. परंतु कथेत अब्राहामाला गाढ झोप लागते. त्या तुकड्यांमधून धूर ओकणारी भट्टी व जळती मशाल, म्हणजे देवाची खूण, एकटीच जाते. अब्राहाम चालतच नाही! ज्याला वचन मिळाले तो निजलेला आणि शपथेचे ओझे देणाऱ्याने एकट्याने उचललेले. दोन महिन्यांच्या मुलाविषयीच्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर या झोपेत आहे. पुढे सतराव्या अध्यायात याच कराराची खूण म्हणून पुरुष संततीची आठव्या दिवशी सुंता सांगितली आहे. आठ दिवसांचे मूल तरी कोठे बोलते?

दुसरा मोठा करार सीनाय पर्वताचा. मिसर देशात गुलामीत पिचलेल्या लोकांना मोशे बाहेर काढतो आणि पर्वतापाशी त्यांना दहा आज्ञा मिळतात. या आज्ञांचा आरंभ आज्ञेने होत नाही. ‘ज्याने तुम्हांला दास्याच्या घरातून बाहेर काढले तो मी’ या आशयाच्या स्मरणाने होतो. आधी मुक्ती, मग नियम. मोशेच्या या कथेकडे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आदराने पाहत व दलितांच्या नेतृत्वाची चिंता करताना त्यांना तिच्यात आशेचा आधार दिसे, हे त्यांच्या लेखनावरून आपणांस माहीत आहे. गुलामांच्या जमावाला ‘तुम्ही माझी प्रजा’ असे सांगणारा देव ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बाकीचे देव राजांच्या बाजूला असत.

या दोन करारांच्या खुणा पाहण्यासाठी आपल्याला जेरुसलेमला जावे लागत नाही. नवी मुंबईच्या लगतच पनवेल शहरात ‘बेथ एल’ हे बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थान आहे. त्याची स्थापना १८४९ ची सांगतात. अलिबागजवळ नौगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा आहे. सारे ग्रंथ समुद्रात गेले, भाषा मराठी झाली, आडनावे कोकणातल्या गावांवरून पडली. कुलाबा जिल्ह्यात त्यांनी तेलघाणे चालवले. तरी दोन गोष्टी सुटल्या नाहीत: आठव्या दिवसाची सुंता आणि शनिवारची सुट्टी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता ही अब्राहामाच्या कराराची खूण आणि शब्बाथ ही सीनायच्या. ग्रंथ नाही, पुरोहित नाही, तरीही खुणेने करार जिवंत राहिला. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले; थोडे येथे राहिले.

शब्बाथविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. त्या दिवशी मालकाने विसावा घ्यावा एवढेच नियम सांगत नाही. दास, दासी, परका आणि बैल यांनाही तो मिळालाच पाहिजे असे सांगतो. कारण दिले आहे ते असे की तूही एके काळी दास होतास. विसावा मिळाला, दास्य मात्र राहिले, ही त्यातील उणीव आम्हांस दिसते. तथागतांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापार येतो, हे येथे आठवते.

करार मोडला गेला, वारंवार मोडला गेला. हे सांगणारेही तेच ग्रंथ आहेत. यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायातील एक प्रसंग आमच्या वाचकांनी अवश्य वाचावा. बाबेलच्या सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला असता राजाने व सरदारांनी करार केला की सर्व हिब्रू दासदासींना मुक्त करायचे. मुक्त केलेही. मग त्यांचे मन फिरले आणि त्यांनी त्याच माणसांना पुन्हा पकडून दास केले. यिर्मयाचा कोप येथे कळसाला पोहोचतो. कापलेल्या वासराच्या भागांमधून तुम्हीच चालत गेला होता, आता तुमची तीच गत होईल, असे तो बजावतो. इ.स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी नगर पडले. तारण धोक्यात असताना समतेची वचने द्यायची आणि धोका टळल्यासारखा वाटताच ती परत घ्यायची, हा प्रकार आपल्या देशातही अपरिचित नाही.

याच यिर्मयाच्या ग्रंथात एकतिसाव्या अध्यायात ‘नवा करार’ हे शब्द येतात. हा करार अंतःकरणावर लिहिला जाईल, असे तेथे म्हटले आहे. सहाशे वर्षांनंतर, शुभवर्तमानांच्या सांगण्याप्रमाणे, येशू अटक झाली त्याच रात्री, अटकेपूर्वी, शिष्यांबरोबर जेवत असताना प्याला हाती घेतो आणि ‘हा माझ्या रक्तातील नवा करार’ अशा अर्थाचे बोलतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या एका कृतीत आहे. अब्राहामाच्या कथेत वचन देणारा एकटा त्या तुकड्यांमधून गेला. मोडणारा माणूस असताना शिक्षा मात्र देणाऱ्याने स्वतःवर घेतली, असे ख्रिस्ती लोक क्रुसाकडे पाहून म्हणतात. ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ‘दियाथेके’ शब्दावरच युक्तिवाद रचला आहे: मृत्युपत्र करणारा मेल्यावाचून ते अंमलात येत नाही, म्हणून हे मरण. सौदा म्हणणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. सौद्यात मोबदला असतो. येथे मोबदला देण्याची ऐपतच माणसात नाही, हे गृहीत आहे. म्हणून ‘कृपा’ हा शब्द.

मग प्रश्न आला की हा करार कोणासाठी. सुंता न झालेल्या परकीयांना मंडळीत घ्यायचे तर त्यांची सुंता करायची का, यावर इ.स. ५० च्या सुमारास जेरुसलेम येथे सभा झाली आणि सुंतेची अट घालू नये असे ठरले. पौलाने त्यासाठी जन्माची भिंत पाडली. त्याच वेळी दुसरी भिंत उभी राहू लागली. नवा आला म्हणून जुना रद्द, आणि जुन्याला चिकटलेले यहुदी शापित, असा अर्थ चर्चने पुढे शतकानुशतके लावला व त्याची फळे युरोपातील यहुद्यांनी भोगली. रोमन कॅथॉलिक चर्चने १९६५ च्या ‘नोस्त्रा ऐताते’ या घोषणापत्राने ही भूमिका बदलली आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली देवाने तो जुना करार कधीच मागे घेतलेला नाही असे स्पष्ट म्हटले. पनवेलचे प्रार्थनास्थान ख्रिस्ती माणसाने कोणत्या नजरेने पाहावे, हे या वाक्याने बदलते.

महाराष्ट्रात ही संकल्पना पुस्तकातूनच आली असे नाही. १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक ज्या पंथाचे होते, त्या पंथात प्रत्येक स्थानिक मंडळीच सभासदांच्या परस्पर ‘करारा’वर उभी राहत असे. नगर जिल्ह्यात या मिशनमार्फत ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजातील कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या ओठांना लागलेला प्याला ब्राह्मण ख्रिस्त्याच्या हाती जाई, हे दृश्य एकोणिसाव्या शतकात केवढे असेल! त्या प्याल्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

परंतु प्याला एक झाला म्हणून पंगत एक झाली असे सर्वत्र घडले नाही. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी बाबासाहेबांनी लिहिलेली प्रकरणे त्यांच्या पश्चात, १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील पाचव्या खंडात प्रसिद्ध झाली. मिशनऱ्यांनी जात सोसली, ही त्यांची तक्रार तेथे स्पष्ट आहे. शासनानेही वेगळा न्याय लावला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली, १९५६ साली ती शिखांना व १९९० साली बौद्धांना मिळाली. ख्रिस्ती दलितांना नाही. ताईंच्या एकाच वाड्यातील दोन घरांत ही कायदेशीर भिंत आजही उभी आहे. आणि आपण बौद्धांनी पोटजातीबाहेर सोयरीक करताना काय होते, हे आपल्या मनाला विचारल्याखेरीज दुसऱ्याच्या पंगतीकडे बोट दाखवू नये.

आता धम्माकडे वळू. पाली वाङ्मयात वचन आहे, करारही आहे; पण तो देवाशी नाही. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त घ्या. शेतांच्या सीमा पडल्या, चोरी सुरू झाली, तेव्हा लोक एकत्र जमले व त्यांनी आपल्यातील एकाला निवडले: दोषीला तू दोष दे, आम्ही तुला भाताचा वाटा देऊ. तोच ‘महासम्मत’, सर्वांनी मान्य केलेला. हा करार माणसामाणसांत आहे, दोन्ही पक्ष बोलतात, देणे-घेणे उघड आहे. आणि तथागत ही कथा सांगतात ती ब्राह्मण कुळात जन्मलेल्या वासेट्ठ व भारद्वाज यांना, वर्णश्रेष्ठत्वाचा दावा खोडून काढण्यासाठी. मनुष्यांनी केलेली व्यवस्था मनुष्यांना बदलता येते, हे त्यातून ओघानेच येते.

मग शरणगमन काय? ते करार नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ‘गच्छामि’ हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. जातो तो मी. समोरून ‘मी तुला तारीन’ असे उत्तर येत नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हे ठासून मांडले आहे. पंचशीलात येणारे ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याची पायरी आणि ‘समादियामि’ म्हणजे मी अंगीकारतो. शील ढळले तर कोणाशी द्रोह झाला असे होत नाही. शिकणारा पायरीवरून घसरला, त्याने ती पुन्हा चढायची. करारात मात्र मोडणे म्हणजे द्रोह. होशेय या संदेष्ट्याने तर त्याला पत्नीच्या व्यभिचाराची उपमा दिली आहे. म्हणून तेथे क्षमा हवी, आणि क्षमा करणारा हवा. दोन्ही मार्गांत नीती आहे. पण एकात ती नात्यातून येते आणि दुसऱ्यात कार्यकारणाच्या जाणिवेतून.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील चौथी ईश्वराच्या अवताराविषयीची आहे. तिच्यामुळे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. आम्ही सांगितले: अवश्य जा. बाप्तिस्म्यात बाळ काही कबूल करीत नाही. आईबाप व मंडळी त्याच्या वतीने बोलतात, आणि देवाचे वचन आधीच आलेले आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. (हे सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य नाही. बॅप्टिस्ट व पेन्टेकॉस्टल लोक जाणत्या वयाचाच बाप्तिस्मा मानतात. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही रीतींना जागा ठेवली आहे.) सर्व उभे राहतील तेव्हा आपणही आदराने उभे राहा. प्रभुभोजन असेल तर मात्र भाकर व प्याला घेऊ नका. तो प्रसाद नव्हे. करारावर पुन्हा केलेली सही आहे, आणि जे आपण मानीत नाही त्यावर सही करणे हा त्यांचाही अनादर. घरच्या जेवणाला भरपूर जेवा.

ताई गेल्या. परत आल्या त्या नवा प्रश्न घेऊन. जेवताना भावाने विचारले होते, “तुमच्या प्रतिज्ञा मोडल्या तर तुम्हांला क्षमा कोण करतो?” पुढील वर्ग आम्ही त्यावरच घेतला व सामञ्ञफलसुत्त वाचले. बापाला ठार करणारा अजातशत्रू तथागतांपुढे आपला अपराध कबूल करतो. तथागत ती कबुली स्वीकारतात; अपराधाला अपराध म्हणून ओळखणे आणि पुढे संयम राखणे हीच आर्यविनयातील वृद्धी, असे सांगतात. तो निघून गेल्यावर मात्र भिक्खूंना म्हणतात की या राजाने स्वतःचे मूळच खणून टाकले आहे; त्याने पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्याचे धम्मचक्षू उघडले असते. ताईंनी हे सुत्त वहीत उतरवून घेतले. भावाला वाचून दाखवायचे आहे म्हणाल्या.